बार्बोराची फांदी

चेस्तमीरच्या दवाखान्यातली फांदी यंदाही फुलली नाही.

"काठी झालीय तिची," ओतिलावहिनी म्हणाली. "भावजी, चार डिसेंबरला, बार्बोराच्या दिवशी, चेरीची फांदी पाण्यात ठेवली की नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत फुलते, हे खरं. पण तिला ऊब लागते हो! तुम्ही शेगडीत कोळसा असा टाकता, जणू पेशंटच्या दाढेत सोनं भरताय."

"पेशंट माझ्याकडे तसेही कुडकुडतच येतात, वहिनी."

चेस्तमीर दातांचा डॉक्टर. ओतिला त्याच्या थोरल्या भावाची विधवा. भाऊ खासगी तपास करायचा. तो गेला, तरी वहिनीने दारावरची पाटी काढली नाही. प्रागचे लोक आधी हसले आणि मग तिच्याच दारात ताटकळू लागले. नाताळचा आदला दिवस म्हणून आज कुणी येणार नाही, असं चेस्तमीरला वाटत होतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात खेड्यातली एक प्रौढ बाई उभी होती. डोक्यावर लोकरी शाल, हातात खसखशीच्या वड्यांची टोपली. तिच्या पापण्यांवरचं हिम वितळून गालांवर उतरत होतं. की ती रडत होती, हे चेस्तमीरला चटकन कळेना.

"माझं नाव आपोलेना. माझी ताई, फिलोमेना, हरवलीय," ती म्हणाली. "सगळे म्हणतात ती हवापालटाला डोंगरात गेली. पण तिनेच मला नाताळला बोलावलं होतं! ती राहते ती इमारत तिचीच. माझ्या पश्चात ती तुझीच, हे समोरासमोर बोलू, म्हणाली होती. मी येतेय म्हणून परवा तार केली. आज सकाळी पोचले, तर दाराला कुलूप."

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"छाती ठणठणीत. गुडघा तेवढा गेलाय. दर चार पायऱ्यांना थांबते आणि शिव्या घालते."

वहिनीने आधीच कोट अंगावर चढवला होता.

झिझकोव्ह भागातल्या चढावर वारा सुरीसारखा कापत होता. फिलोमेनाबाईंची इमारत काळी पडलेली, तीन मजली. तळमजल्यावर देखरेख करणारी कुबातबाई नाताळच्या जेवणासाठी आणलेला जिवंत कार्प मासा मोरीतल्या टबात सांभाळत बसली होती. तिच्या बडबडीला मात्र टब पुरला नसता.

"मिकुलाशच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सात तारखेला गेल्या मालकीणबाई. मी डोळ्यांनी बघितलं. हिरवा कोट, तोंडाभोवती शाल. टकटक करत जिना उतरल्या, पुतण्याबरोबर टॅक्सीत बसल्या. 'येते गं' एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत! इतकी वर्षं त्यांचे जिने पुसले मी."

"रागावलेल्या होत्या का?" चेस्तमीरने विचारलं.

"माझ्यावर? माळ्याच्या किल्लीवरून झालं होतं थोडं. वाळवणीचा माळा, हो. कुणीही उठतं आणि कपडे वाळत घालतं, आणि बोलणी मला."

"मग आज वर कपडे आहेत?" वहिनीने विचारलं.

कुबातबाईने छातीवर क्रूसाची खूण केली. "काय बोलता बाई! नाताळात दोरीवर कपडा टांगला, तर घरात मरण येतं. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत वर कुणी पाय ठेवायचं नाही."

चेस्तमीरने मनात नोंद केली: भांडण, किल्ली, लांब जीभ. बाई त्याला मुळीच आवडली नाही.

तिसऱ्या मजल्यावर पियानो शिकवणारे तेमल मास्तर हातमोजे घालूनच बसले होते.

"गेली ना? देव पावला! माझे विद्यार्थी वाजवायला लागले की खालून छताला झाडू ठोकायची. घर खाली करा म्हणाली होती मला."

"आता सुखात असाल."

"कसलं सुख? परवापासून हाडं गोठलीत. एरवी ही भिंत बरी असते, पाठ टेकून बसतो मी. आता हात लावून बघा, मढ्यासारखी गार!"

वहिनीने खरोखरच भिंतीला हात लावला आणि बराच वेळ तिथून काढला नाही.

फिलोमेनाबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, मास्तरांच्या बरोबर खाली. मास्तरही कुतूहलाने मागोमाग उतरले. पुतण्या राडोस्लाव समोरच्याच खोलीत राहायचा. गुळगुळीत दाढी, मऊ आवाज, हातात किल्ली तयार.

"बघा ना, अगदी मोकळेपणाने बघा. मावशी, मी तुम्हाला कळवायला हवं होतं, चुकलंच माझं. काकूला सोडून आलो आणि त्याच दिवशी कुलूप लावलं. त्यानंतर इथे कुणी आलेलं नाही. किल्लीही एकच, ही."

आत पाऊल टाकताच चेस्तमीरचा श्वास पांढरा झाला. शेगडी घासून लख्ख केलेली, राखेचा कण नाही. पलंगावर नुसती गादी.

"पिसांची दुलई कुठे गेली?" आपोलेनाने विचारलं. "आईने दिलेली."

"कसर लागेल म्हणून धुवायला दिली."

खिडकीत काचेच्या सुरईत बार्बोराची फांदी होती. सुरईतलं पाणी गोठून दगड झालेलं, पण फांदीवर पांढरी फुलं भरभरून आलेली. त्या मेलेल्या खोलीत ती फुलं बघून चेस्तमीरला उगाचच बरं वाटलं.

"चला, निदान शकुन तरी चांगला आहे," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"भावजी, खाली पळा. कुबातबाईकडून कुऱ्हाड घ्या आणि वर माळ्यावर या. मास्तर, हवालदाराला बोलवा! धावा!"

माळ्याचं कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. आत रिकाम्या दोऱ्या वाऱ्याने हलत होत्या. टोकाला, विटांच्या धुरांड्याला पाठ लावून, पिसांच्या दुलईत गुंडाळलेलं काहीतरी पडलं होतं. आपोलेनाने दुलई उलगडली आणि जी किंकाळी फोडली, ती चेस्तमीर जन्मात विसरणार नव्हता. त्याने नाडी शोधली. कितीतरी वेळ सापडेना, आणि मग अगदी बारीक, तुटक तुटक लागली.

फिलोमेनाबाईंना कुबातबाईच्या स्वयंपाकघरात, शेगडीशेजारी आणून निजवलं. डॉक्टर आले. झोपेच्या औषधाचा अंमल आहे, बघू, म्हणाले आणि मान हलवली. हवालदार दारात उभा राहिला. बहिणीचे निळे पडलेले हात आपोलेना चोळत राहिली.

"हिला धरा," चेस्तमीर कुबातबाईकडे बोट दाखवून ओरडला. "माळ्याची किल्ली हिच्याकडे असते!"

"किल्ली राडोस्लावनेच नेली, परवा!" कुबातबाई रडू लागली. "सणात कुणी विसरून कपडे घालू नये, म्हणाला. मला केवढा गुणी वाटला मेला!"

"खोटं आहे," राडोस्लाव शांतपणे म्हणाला. "काकू एकटीच परत आली असेल. वर गेली असेल, अडकली असेल."

"तीन राजांनंतर तू हेच सांगणार होतास," वहिनी म्हणाली. "पण तुझी काकू घर सोडून गेलीच नाही. दर चार पायऱ्यांना थांबणारी बाई टकटक करत जिना कशी उतरेल? त्या हिरव्या कोटात दुसरीच कुणी होती. फिलोमेनाबाई वरच होत्या, तुझ्या झोपेच्या औषधात बुडालेल्या. म्हातारी आपोआप जाईल, मग इमारत आपली, म्हणून तू वाट बघत बसलास. परवा तार आली आणि पुढचं ठरवावं लागलं. शेगडी विझवलीस, राख झाडलीस, त्यांना माळ्यावर टाकलंस. दुलई सोबत दिलीस, कारण स्वतःच्या हाताने जीव घ्यायची तुझी छाती नाही. ते काम तू थंडीवर सोपवलंस. तीन राजांपर्यंत वर कुणी जात नाही, हे तुला ठाऊक होतं."

"हे सगळं तुमच्या मनातलं."

"मास्तरांची भिंत परवापर्यंत उबदार होती. तिच्यातून खालच्या शेगडीचं धुरांडं जातं. आणि दोन-अडीच आठवडे बंद, गोठलेल्या खोलीत चेरी फुलत नाही, रे. आमच्या भावजींना विचार. त्यांच्याकडे निदान थोडा तरी कोळसा जळतो, तरी काठीच राहते."

चेस्तमीर खाली बघू लागला.

"एवढं सगळं साफ केलंस," वहिनीचा आवाज एकदम मऊ झाला. "मग फांदी तेवढी का ठेवलीस? ती टाकली असतीस, तर मला काही कळलं नसतं."

"फुललेली फांदी सणाआधी कोण बाहेर टाकतं?" राडोस्लाव चिडून म्हणाला. "घरात कुणीतरी मरतं त्याने..."

बोलता बोलता तो थांबला. मोरीतल्या टबात माशाने शेपटी आपटली. हवालदाराने राडोस्लावचा दंड धरला.

त्याला बाहेर नेलं, तेव्हा चेस्तमीर वर जाऊन सुरई घेऊन आला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेगडीच्या उबेने बर्फाला तडे गेले आणि फांदी कलली. एक पांढरी पाकळी दुलईवर पडली.

फिलोमेनाबाईंचे ओठ हलले. आपोलेना खाली वाकली.

"काय गं ताई? काय हवं?"

"फुलली का गं?" म्हातारीने विचारलं.

"फुलली, ताई," आपोलेना हुंदका देत म्हणाली. "सगळी फुलली."

चेस्तमीर शेगडीपाशी गेला आणि कुणी न सांगता त्याने आणखी कोळसा घातला.