अपूर्वा नावाची मुलगी

"ते खाली ठेवा. तो इतिहास आहे."

सलिल आगाशेनं हातातलं लाटणं दचकून टेबलावर ठेवलं. कर्वेनगरातल्या एका कॉलेजात स्त्री-चळवळीचं प्रदर्शन भरलं होतं. सलिल आत शिरला तो चळवळीच्या ओढीनं नव्हे. बाहेर स्कूटर पंक्चर झाली होती आणि आत पंखा होता. साल दोन हजार एक, फेब्रुवारीची अखेर. जगातले सगळे संगणक बंद पडणार होते ते वर्ष निमूटपणे येऊन गेलं होतं, आणि जग वाचवल्याबद्दल कंपनीनं सलिलला फिरती खुर्ची दिली होती.

"आमच्याकडे याच्यानं पोळ्या लाटतात," तो म्हणाला.

"कोण लाटतं?"

"आई."

"आणि तुम्ही?"

"मी... खातो."

"म्हणजे कामाची वाटणी झालेली आहे." ती हसली नाही. फक्त डोळ्यांच्या कडांना काहीतरी हललं, आणि सलिलचा पंक्चरवाला त्याच्या डोक्यातून कायमचा निघून गेला.

तिचं नाव आम्रपाली ओव्हाळ. राहायला विश्रांतवाडीला. याच विषयात संशोधन करायची. बहात्तर-त्र्याहत्तरच्या महागाईत बायका अशीच लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, हे तिनं त्याला सांगितलं. त्यानं तिला सांगितलं, की आठ मार्चला कंपनीत महिला दिनाचं भाषण आहे आणि ते करायचं त्याच्यावर आलंय.

"तुमच्यावर का?"

"मला स्लाइड्स चांगल्या करता येतात."

"कंपनीत बायका नाहीत?"

"आहेत ना. त्या रांगोळी काढणार आहेत."

या उत्तराची लाज सलिलला वाटली, पण दोन दिवसांनी. तो तसा वक्तशीर मुलगा होता, फक्त लाजेच्या बाबतीत उशीर व्हायचा.

मग भाषणाच्या निमित्तानं भेटी सुरू झाल्या. कॉलेजसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, घुंगरांचं. आम्रपाली बिनबर्फाचा रस मागायची आणि शतकं सांगायची. बुधवार पेठेत मुलींची शाळा निघाली, तर शिकवणारीच्या अंगावर लोकांनी शेण कसं फेकलं. पंच्याहत्तर साली याच पुण्यात बायकांची केवढी मोठी परिषद भरली. मग हुंड्याविरुद्धचे मोर्चे, बलात्काराचा कायदा बदलण्यासाठीची आंदोलनं. आणि नव्वदनंतर दलित बायका उठून म्हणाल्या, तुमच्या 'आम्ही सगळ्या बहिणी' या वाक्यात आम्ही कुठे बसतो ते जरा दाखवा.

"मग दाखवलं?" सलिलनं विचारलं.

"शोधतायत अजून." तिनं ओठावरचा फेस रुमालानं टिपला. "तुम्ही लिहून का घेत नाही?"

"तुम्ही बोलत असताना लिहायला खाली बघावं लागतं."

घुंगरं वाजत राहिली. ती बराच वेळ काही बोलली नाही – आणि आम्रपालीच्या बाबतीत हे मोठंच यश होतं.

एकदा त्यानं विचारलं, "आम्रपाली... हे नाव कोणी ठेवलं?"

"आजीनं." ती रसाकडे बघत म्हणाली. "आजीचं स्वतःचं नाव गावानं ठेवलं होतं. चारचौघांत हाक मारली की मान खाली जाईल असं. छप्पन्नला दीक्षा घेतली, तेव्हा ती म्हणाली, आता आपल्या घरातली नावं आपण ठेवायची, आणि सुंदर ठेवायची. तिनं बुद्धाच्या गोष्टींतून शोधून काढलं माझं."

"सुंदर आहे," सलिल म्हणाला. अगदी मनापासून. पुढे जे झालं, त्यात ही 'मनापासून'ची गोष्टच त्याला सगळ्यात जास्त जाचली.

झालं ते असं. स्लाइड्स दाखवायला त्यानं तिला कोथरूडला घरी बोलावलं. आईनं, म्हणजे मंदाकिनीबाईंनी, पोहे केले. घरात मुलगी येणार आणि पोहे होणार, म्हणजे काय ते आईला कळलं होतं, सलिललाही कळलं होतं. फक्त कोणी बोलत नव्हतं. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन श्रीधरकाका पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला आले, ते पोह्यांच्या वासानं बसले.

"ही कोण?" काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. "नाव काय गं तुझं?"

तिनं तोंड उघडलं. त्या अर्ध्या क्षणात सलिलला काकांचा पुढचा प्रश्न ऐकू आला – आडनावाचा; त्यानंतरची शांतता ऐकू आली; आणि जिन्यातली कुजबुजही. तिच्या आधी तोच बोलला.

"अपूर्वा. ऑफिसमधली."

"वा. छान नाव," काका म्हणाले आणि खोबरं मागितलं.

आम्रपालीनं बशीतले पोहे संपवले. शांतपणे, एकेक घास. चमचा ठेवला. "पोहे छान होते, काकू." स्लाइड्स न बघताच ती उठली. तो जिन्यात मागे धावला.

"ऐका ना... मी घाबरलो."

"मला दिसलं ते."

"तसं काही मनात नव्हतं माझ्या."

"सलिल, तुमच्या मनात काय आहे ते मला गुऱ्हाळात कळलं होतं." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "जिभेवर काय आहे ते आज कळलं. बरं झालं, आजीला दिसलं नाही ते."

आठ मार्चला सलिलनं भाषण केलं. रांगोळी सुरेख होती. पहिल्या सात-आठ स्लाइड्स झकास गेल्या. मग ती स्लाइड आली – दलित बायकांचा सवाल. त्यानं स्वतःच निवडलेली ठळक अक्षरं भिंतीवर झळकली: 'आम्हाला आमच्या नावानं ओळखा.' सलिलनं ती वाचली. दोनदा 'म्हणजे' म्हणून तो खाली बसला. लोकांना वाटलं, विषयानं भारावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजरनं गुलाबाचा गुच्छ दिला आणि म्हणाला, इतका संवेदनशील पुरुष आपल्या टीममध्ये आहे हे माहीत नव्हतं. तो गुच्छ घरी नेताना सलिलला वाटेत कोणी ओळखीचं भेटू नये असं वाटत होतं.

"अपूर्वाला दे की तो," आई म्हणाली.

"तिचं नाव अपूर्वा नाही, आई." मान वर न करता त्यानं सगळं सांगितलं.

आई गुलाबांचे काटे काढत राहिली. मग म्हणाली, "माझंही मंदाकिनी नाही."

"काय?"

"उल्का. लग्नात तुझ्या बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं मंदाकिनी लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, उल्का नको, पडणारी वस्तू आहे. मी ते नाव ताटात पहिल्यांदा वाचलं... आपलंच." "तू कधी विचारलं नाहीस."

सलिलला शतकं पाठ होती. हे नव्हतं.

"तू काय म्हणाली असतीस, तिचं नाव ऐकून?"

"माहीत नाही. खरं सांगते, तोंड वाकडं केलं असतं. मग स्वतःचीच लाज वाटली असती, मग निवळलं असतं. पण तू मला तेवढीही संधी दिली नाहीस."

रविवारी तो विश्रांतवाडीला गेला. दार आम्रपालीच्या आईनं, प्रेमलाताईंनी उघडलं. "अपूर्वा नावाची कोणी इथे राहत नाही," त्या म्हणाल्या, आणि तरीही पाणी आणून दिलं.

आम्रपाली बाहेर आली. त्यानं माफी मागितली. नीट पाठ केली होती, सगळी विस्कटली.

"मला माझं नाव माहीत आहे," ती म्हणाली. "जिथे चुकलात तिथे सांगा."

सोसायटीच्या बाकावर सकाळी सगळे पेन्शनर पेपर वाटून घेऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सलिल त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"श्रीधरकाका, त्या दिवशी घरी आली होती तिचं नाव आम्रपाली ओव्हाळ. मी खोटं सांगितलं. तुम्हाला घाबरून. आणि... मला ती आवडते."

पेपर खाली आले. "ओव्हाळ म्हणजे –"

"हो. तुम्ही विचार करताय तेच."

काकांनी पुन्हा पेपर उघडला. तो उलटा होता. सलिलला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. एवढं साधं वाक्य, आणि त्याला इतके दिवस लागले – हेच डोक्यात राहिलं.

सांगून झाल्याचं त्यानं आम्रपालीला कळवलं, आणि पुढच्या रविवारी बेल वाजली. समोरच्या दारातून काकांनी डोकं काढलं. "कोण?"

"आम्रपाली ओव्हाळ."

"माहीत आहे," काका कुरकुरले. "सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे." आणि दार लावून घेतलं, पण आपटलं नाही.

"ये," आई दारात म्हणाली. "मी उल्का."

आम्रपालीनं चप्पल काढली. स्वयंपाकघरातून जळका वास येत होता. ओट्यापाशी सलिल उभा होता, कोपरापर्यंत पिठात, समोर आफ्रिकेच्या नकाशासारखी एक पोळी. तिला बघताच तो लालबुंद झाला आणि त्यानं घाईघाईनं लाटणं बाजूला सारलं.

ती चौकटीला टेकली. डोळ्यांच्या कडांना काहीतरी हललं.

"ते खाली ठेवू नकोस," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."