चाकाच्या कडेची चिमूट

चैतालीनं कणकेतून चिमूटभर गोळा तोडला, परातीच्या डाव्या कडेला अंगठ्यानं दाबून चिकटवला आणि मग मळायला सुरुवात केली.

"हे काय नवीन काढलंस?" आईनं विचारलं. "दोन महिने बघतेय. परात घासताना नखं तुटतात माझी."

"मी नाही करत. हात करतो."

आईनं पुढे विचारलं नाही. हातओळख घेतलेल्या मुलांच्या घरी असलं काहीबाही चालायचंच. शेजारच्या तन्मयनं वस्त्रकलेची हातओळख घेतली होती, तेव्हा तो आठवडाभर घरातल्या टॉवेलांच्या दशा गाठत बसला होता. नंतर विसरला.

कला आणि डिझाइनच्या अभ्यासक्रमांसाठी हातओळख सक्तीची होऊन आता अकरा वर्षं झाली होती. त्याआधी अठरा वर्षांची मुलं माहितीपत्रकं चाळून आणि मावसभावाला विचारून ठरवत, की चित्रकला घ्यायची, मृत्शिल्प घ्यायचं की प्रॉडक्ट डिझाइन. दुसऱ्या वर्षी त्यांतली कितीतरी रडकुंडीला येऊन शाखा बदलून मागत. मग चेतातज्ज्ञांना एक युक्ती सापडली. वर्षानुवर्षं एकच काम करणाऱ्या माणसाचा सराव त्याच्या लहान मेंदूत, म्हणजे मानेच्या वर डोक्याच्या मागच्या भागात, साठलेला असतो. तो सराव तात्पुरता दुसऱ्या, तरुण मेंदूत उतरवता येतो. याला 'उसना सराव' म्हणत. तो नऊ दिवस टिकतो, मग विरतो. त्या नऊ दिवसांत मुलाला आतून कळतं, की या कामात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या हाताला काय वाटत असेल. प्रत्येक शाखेची हातओळख एकदा मिळे. तरीही ठरत नसेल, तर 'द्विधापत्र' भरून पुन्हा मागता येई. त्यात एकच वाक्य छापलेलं असे: 'माझा निर्णय अद्याप झालेला नाही व तो या अनुभवाशिवाय होणार नाही.' खाली सही, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत सूचना.

चैतालीनं मृत्शिल्पासाठी अशी पाच द्विधापत्रं भरली होती. सहावं परवा पाठवलं होतं.

तिचा निर्णय मात्र जानेवारीतच झाला होता. तिची आई वरोऱ्याच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. तिथली बरीचशी अवजारं तिच्या हाताला मोठी पडत. सलाईनचा चाप दाबून दाबून तिचा उजवा अंगठा वाकडा झाला होता. चैतालीकडे दोनशे पानांची एक वही होती, आणि तिच्यात लहान हातांसाठी चाप, मुठी, कात्र्या काढलेल्या होत्या. तिला प्रॉडक्ट डिझाइनच करायचं होतं. पण मार्चमध्ये नियम म्हणून तिनं मृत्शिल्पाची हातओळख घेतली, आणि चाकावरची माती तिच्या बोटांतून आपसूक वर चढत गेली, भिंत पातळ होत गेली, गळा आत आला. असं सुख तिला कशातच मिळालं नव्हतं. नऊ दिवसांनी ते गेलं, तेव्हा तिनं पहिलं द्विधापत्र भरलं. जत्रेतल्या पाळण्यात बसायला पुन्हा रांगेत उभं राहावं, तसं.

आज प्रवेश निश्चित करायची शेवटची तारीख होती. मुदत पाच वाजेपर्यंत. पोळ्या आटोपून ती दीडच्या बसनं भद्रावतीजवळच्या कला विद्यापीठात गेली, ती हातओळख विभागातून निरोप आला होता म्हणून.

विभागप्रमुख डॉ. असीमा पिंपळापुरे थंड झालेला चहा समोर ठेवून बसल्या होत्या.

"सहावं पत्र नामंजूर आहे," त्या म्हणाल्या.

"जागा नाही?"

"हात नाही."

चैतालीला कळलं नाही. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"तुला सायकल येते?"

"येते."

"ती विद्या डोक्यात असते. पण वहीत लिहिलेली असावी, तशी नाही. मातीसारखी असते. सायकलवर बसलीस, की ती ओली होते. उतरलीस, की काही तासांत पुन्हा वाळते. दर वेळी ती थोडी नव्यानं घडत असते. कुणाचा सराव दुसऱ्यात उतरवायचा, तर तो ओला असावा लागतो. म्हणून तू इकडे पडलेली असतेस, तेव्हा देणारा माणूस भिंतीपलीकडे चाकावर बसलेला असतो."

"ते ठाऊक आहे. आवाज येतो चाकाचा."

"ते तीन तास आम्ही त्याचा सराव वाळू देत नाही. एरवी फरक पडत नाही, तो घरी जाऊन चार मडकी करतो, सगळं पूर्ववत. पण फार वेळा ओलं ठेवलं, तर केलेलं भांडं पुन्हा माती होतं. म्हणून आम्ही एका माणसाला तीसची मर्यादा घातली. मार्चमधली तुझी हातओळख तिसावी होती."

चैतालीनं मनात बेरीज केली. मग म्हणाली, "तुम्ही पुढची पाच दिलीच कशी?"

"देणाऱ्याची संमती असेल तर देता येतात. आणि संमती घेताना अर्जदाराचं पत्र त्याला वाचून दाखवायचं असतं. नियम आहे. पाचही वेळा मी वाचलं. पाचही वेळा तो हो म्हणाला." डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला सारला. "पाचव्या वेळी मी पत्रच फेटाळायला हवं होतं. फेटाळलं नाही. तुझ्या पत्रात एक ओळ होती ना, देणाऱ्याच्या सरावावर अल्प परिणाम संभवतो म्हणून?"

ती ओळ होती. चैतालीनं ती दर वेळी फोनवर न वाचताच बोटानं वर सरकवली होती.

"आता तो परत करता येईल? माझ्यातला त्यांना?"

"सहासष्ट वर्षांच्या मेंदूत ठसा बसत नाही. तुझ्या वयात बसतो. तुझी शेवटची हातओळख होऊन सहा दिवस झाले. अजून तीन दिवस तो हात तुझ्यात आहे, दुसरीकडे कुठेच नाही. रोज चार तास चाकावर बसलीस, वर्षभर, तर तो तुझ्यात कायमचा वाळेल. चाक फक्त मृत्शिल्पाच्या विद्यार्थ्यांना मिळतं. हे मी तुला सांगायला नको होतं. तुझा निर्णय तुझा आहे. खरंच अजून ठरलेलं नसेल, तर हेही माहीत असू दे, एवढंच."

खरंच अजून ठरलेलं नसेल तर. चैतालीनं टेबलाच्या कडेकडे पाहिलं.

"त्यांचं नाव?"

"नाव सांगता येत नाही. मागच्या शेडमध्ये आज चाक बंद आहे, ते तुला दिसेलच."

शेडमध्ये दौलतमामा कुंभारे होते. गेली वीस वर्षं विद्यापीठातली मुलं त्यांना मामाच म्हणत. ताणलेल्या तारेनं ते मातीचे ठोकळे कापून एकावर एक रचत होते. कापलेले ठोकळे एका मापाचे नव्हते.

"काऊन वं, कोणाले पाहून राहिली?"

"सहज आले. शेड बघायला."

"आज तर फॉर्माची शेवटची तारीख हाये. ते सोडून मातीत काऊन फिरून राहिली? बस तिकडं, स्टुलावर."

ती बसली. समोर त्यांचं चाक होतं, धूळ धरलेलं. "चाक बंद आहे, मामा?"

"हात सुटीवर गेला." ते हसले. "परवा बसलो होतो. माती वर येईच ना. नात म्हणे, आबा, माह्यासारखंच करून राहिले तुम्ही. सात वर्षांची हाये. खोटं नाही बोलत."

"राग येत नाही?"

"कोणाचा?"

"ज्यांनी घेतला, त्यांचा."

मामांनी तार गुंडाळली. "एक पोरगी होती म्हणे. तिचं काही ठरतच नव्हतं. मॅडम कागद वाचून दाखवत. दर डावाले तेच, या अनुभवाशिवाय होणार नाही. मॅडम म्हणत, मामा, पुरे आता. म्या म्हणलो, लेकरू अडकून पडलं हो. द्या तिले अजून एक डाव." ते ठोकळ्यावर ओलं फडकं टाकत राहिले. "मले कोणी विचारलंच नाही कधी, तुले काय व्हाचं हाये म्हणून. बाप चाकावर, मी चाकावर. आता जिले विचारून राहिले, तिले तरी नीट ठरवू द्या, असं वाटलं. ठरलं असंन नाही का आता तिचं?"

चैतालीच्या तोंडात दोन वाक्यं होती. ती मीच, हे पहिलं. माझं जानेवारीतच ठरलं होतं, हे दुसरं. पहिलं म्हटलं, तर दुसरं म्हणावं लागलं असतं. दुसरं न म्हणता पहिलं म्हणायचं, तर मामांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला असता, आणि तेवढं मात्र तिला सहन झालं नसतं.

"ठरलं असेल," ती म्हणाली.

"मंग बेस झालं."

"मामा, मी बसू का चाकावर?"

"बस ना. चाकाले काय, कोणीही चालते."

तिनं धूळ पुसली, ओली माती ठेवली, चाक सुरू केलं. तळहातांखाली गोळा थरथरला आणि मधोमध येऊन स्थिर झाला. मग तिच्या हातानं चिमूटभर माती तोडली आणि चाकाभोवतीच्या स्थिर चौकटीवर, डाव्या कडेला, अंगठ्यानं दाबली. तिथं आधीच काहीतरी होतं. तिनं चाक थांबवून पाहिलं. कडेला वाळलेल्या मातीचा एक उंचवटा होता, थरावर थर, सुपारीएवढा. प्रत्येक थरावर अंगठ्याचा खळगा. किती वर्षांचे ते सांगता येत नव्हतं. तिची ओली चिमूट नेमकी त्यावर बसली होती.

"हे काय केलं वं?" मामांनी वाकून विचारलं.

"हे... तुम्ही नाही करत? सुरुवातीला?"

"मी? काऊन करू?" त्यांनी उंचवट्यावर नख घासून पाहिलं. "हे इथं कशानं चिकटलं कोण जाणे. लय दिवसांचं दिसते. खरवडून काढा लागंन."

"नका काढू, मामा."

"तुह्या घरची रीत हाये का ही?"

"तुमच्या घरची असेल."

"छे. आमच्या घरी असलं काही नव्हतं." हे ते अगदी खात्रीनं म्हणाले. हातानं पन्नास वर्षं केलेली ती गोष्ट डोक्याला कधी कळवलीच गेली नव्हती. हातातून गेली, तेव्हा सगळीकडूनच गेली.

तिनं मडकं पुरं केलं. मामा बघत राहिले, एखाद्या नवख्यानं बघावं तसे, भुवया उंचावून. "सुरेख," ते म्हणाले. "कोणाजवळ शिकली?"

पाचाला दहा मिनिटं कमी असताना चैतालीनं मातीचे हात कुर्त्याला पुसले, फोन काढला आणि करंगळीनं प्रवेशाचं पान उघडलं. 'प्रॉडक्ट डिझाइन' या शब्दांसमोर जानेवारीपासून खूण होती. तिला आईचा वाकडा अंगठा दिसला. दोनशे पानांची वही दिसली, तिच्यातली शेवटची कात्री, जिची मूठ अजून जमली नव्हती. तिनं खूण काढली आणि 'मृत्शिल्प' या शब्दासमोर केली. बदलाचं कारण विचारलं होतं. तिनं 'आवड' लिहिलं. ते लिहिताना ते सातवं द्विधापत्र आहे असं तिला वाटलं, फक्त या वेळी नामंजूर करायला कुणी नव्हतं.

फोन खिशात घातला, तेव्हा मामा शेजारच्या चाकावर बसले होते. त्यांनी मातीचा गोळा ठेवला होता. तो डुगडुगत होता, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चिमूटभर माती तोडली, तिच्या चाकाकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि आपल्या चाकाच्या कडेला ती जपून चिकटवली.

"असं?" त्यांनी विचारलं.

"थोडं डावीकडे, मामा," चैताली म्हणाली.