चिमाचं दुखणं

खालापूरच्या दवाखान्यात माझी बदली झाली तेव्हा पेणला माझे थोरले भाऊ म्हणाले होते, "विनायक, तिकडे दोनच रोग आहेत. हिवताप आणि कंटाळा. पहिल्याला क्विनीन आहे."

भाऊंना तो मुलूख ठाऊक नव्हता. मुंबई-पुण्याचा रस्ता दवाखान्याच्या दारावरून जायचा आणि पुढे खोपोलीला घाट चढू लागायचा. त्या उतारावर गाड्या उलटायच्या, बैल बुजायचे, मोटारींची सवय नसलेली माणसं मोटारीखाली यायची. डोंगरातून झाडावरून पडलेले, भट्टीत भाजलेले, विळ्यानं कापलेले लोक यायचे. कुणी झोळीत घालून आणलेला, कुणी गाडीत पेंढ्यावर टाकलेला. कंटाळायला मला कधी सवड झाली नाही. पन्नाशी जवळ आली होती, बायकोमुलं शाळेसाठी पेणलाच होती, आणि दिवस कामात जात होता हे बरंच वाटायचं.

दवाखान्याला पुढं लांब पडवी होती, मध्ये तपासणीची खोली आणि मागं खाटांची खोली. हाताशी कोंडाजी नावाचा कंपाउंडर होता. महायुद्धात तो फौजेच्या इस्पितळाबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. रक्त बघून त्याचा चेहरा हललेला मी पाहिला नव्हता.

चिमा पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतरच्या एका सकाळी. कुंभिवलीचा नामा म्हणून एक शेतकरी तिला, आपल्या बायकोला, बैलगाडीतून घेऊन आला. पस्तिशीची, काटक बाई. उजवा हात अंगापासून लांब धरून ती खाली उतरली, जणू हातावर काहीतरी भरलेलं ठेवलं होतं आणि ते सांडायची भीती होती.

"जळतोय," ती म्हणाली. "हात जळतोय माझा."

"कशानं भाजलं?"

"भाजलं नाय. नुसता जळतोय."

हातावर डाग नव्हता. फोड नाही, सूज नाही, लाली नाही. पण नाडी धावत होती आणि कपाळावर घाम होता. घामाचं सोंग कुणाला आणता येत नाही. मी कोपर वाकवून पाहिलं, बोटं हलवून पाहिली, आणि असल्या वेळी आम्ही डॉक्टर मंडळी जो निष्कर्ष काढतो तोच काढला. बायकांना होतो तो हिस्टेरिया. ब्रोमाइडचा डोस दिला आणि पडवीत बसायला सांगितलं.

"शेतात भात उभं हाय," ती नवऱ्यावरच चिडली. "आनि मी हितं बसू व्हय?"

"बस गं जरा," नामा म्हणाला. तो मऊ बोलणारा माणूस होता. तिच्याच पदरानं तिच्या हाताला वारा घालत राहिला.

दुपारी पळसदरीकडची माणसं गाडी घेऊन आली. आत शुक्रा नावाचा कातकरी होता. तासा-दोन तासांपूर्वी कोळशाची भट्टी उघडताना ढासळली होती आणि त्याचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. कातडी लोंबत होती. मी ती कापून काढली, जखम धुतली. शुक्रा आढ्यावरची पाल बघत होता.

"दुखत नाही का रे?"

"नाय," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. "पयलेपासूनच नाय."

खोल भाजलं की मज्जातंतूच मरतात आणि दुखत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्याची जखम तेवढी खोल नव्हती. बाहेर पडवीत चिमा दातांवर दात दाबून कण्हत होती. मी पट्टी बांधून संपवली तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"कोण हाय त्ये बघू द्या."

तिनं शुक्राचा हात पाहिला, मग तोंड पाहिलं. "नाव काय रं तुजं?" एवढं विचारलं आणि परत जाऊन बसली.

ती पडवीत येऊन बसली तेव्हा पळसदरीची भट्टी अजून ढासळली नव्हती. हा हिशोब मला संध्याकाळी हात धुताना सुचला. मी तो झटकून टाकला.

मार्गशीर्षात ती पुन्हा आली. या वेळी नामानं तिला उचलूनच आणलं. डावी नडगी. हात लावू देईना. पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी नामाला बाजूला घेऊन विचारलं.

"जुनंच हाय ह्ये, डाक्तरसायेब," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पन पूर्वी घरी असताना व्हायचं. दोन-चार दिस तळमळायची नि उठायची. गावात म्हनतात बाहेरचं हाय. द्येवऋषी झाला, अंगारा झाला. आता तीच म्हनते, मला दवाखान्यात न्या."

"दवाखान्यातच का?"

"इचारलं. म्हनते, हितं कळतं कुनाचं हाय त्ये."

माझे कान रस्त्याकडे लागले.

दुपारी धोंडी नावाच्या गाडीवानाला आणलं. घाटाच्या पायथ्याशी मिठाची गाडी मागं घसरली आणि चाक पायावरून गेलं. डावी नडगी मोडून हाडाचं टोक कातड्याखाली आलं होतं. कोंडाजी क्लोरोफॉर्म काढू लागला तर धोंडी म्हणाला, "कशाला? मला कायबी होत नाय. माजा तांबडा बैल कुठं हाय तेवढं बघा कुनीतरी."

कोंडाजीनं त्याला खांद्याला धरलं. मी टाच पकडून पाय ओढला.

ओरडली ती. पडवीतून.

मी थांबलो. धोंडी बैलाचंच बोलत होता. मी पुन्हा ओढलं, आणि भिंतीपलीकडून तोच आवाज आला. हात सैल सोडला की आवाज थांबायचा. कोंडाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि जे करायचं ते शक्य तेवढं लवकर उरकलं. हाड जागेवर बसलं, कामट्या बांधल्या. बाहेर आलो तेव्हा चिमाचं डोकं नामाच्या मांडीवर होतं, लुगड्याचा पदर तिनं चावून फाडला होता.

"बसलं का नीट?" तिनं विचारलं.

"बसलं."

"चालंल ना तो?"

"चालेल. बाई, तुम्ही हे... कसं होतं हे?"

ती वैतागली. "मला काय ठावं? तुमी शिकलेले. तुमीच सांगा." मग जरा थांबून म्हणाली, "मला बघू द्या त्याला."

त्या दिवसापासून मी तिला पडवीत बसवणं सोडलं. मागच्या खोलीतली खिडकीजवळची खाट तिची झाली. यामागं काय आहे याचा विचार मी करायचो, पण तो कुठंच पोचायचा नाही. ती आली की मात्र पाणी उकळायला ठेवायचो आणि तिचं जे दुखेल त्याची तयारी करायचो. मुंबईत माझे वर्गबंधू होते, त्यांच्यापैकी कुणाला हे लिहून कळवावं असं एकदा वाटलं. कुणी विश्वास ठेवला नसता, आणि ठेवला असता तर तिला बघायला आले असते. दोन्ही मला नको होतं.

संक्रांतीनंतर ती आली तेव्हा तिच्यानं बसवतही नव्हतं. डाव्या बरगडीखाली हात दाबून ती खाटेवर मुडपून पडली. मधूनच डावा खांदा चोळायची.

"पोटात हाय, मग ह्यो खांदा का दुखतो?" तिनं विचारलं.

मला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं. पोटात रक्त साचून वरच्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो. आमच्या भागात हिवतापानं निम्म्या लोकांच्या पानथऱ्या, म्हणजे प्लीहा, वाढलेल्या. अशी पानथरी लहानशा धक्क्यानंही फुटते.

थोड्या वेळानं राजमाचीखालच्या वाडीतला वाघ्या नावाचा ठाकर पोरगा आला. चालत आला. मधाचं पोळं काढताना झाडावरून पडला होता, सोबतच्यांनी बळंच आणला म्हणाला. अंगावर खरचटलेलं. हसत होता. काही दुखत नाही, घरी जातो म्हणाला.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला आयोडीन लावून घरी पाठवला असता.

मी त्याला आडवा केला. पोट फळीसारखं कडक होतं. डोळ्याची पापणी खाली ओढली तर आत पांढरं. दाबलं की तो नुसता बघायचा, आणि आतल्या खोलीत चिमा किंचाळायची. फाटलेली पानथरी काढायची सोय माझ्याकडे नव्हती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली, खोपोलीची आगगाडी गाठायला बैलगाडी जुंपायला लावली.

तेवढ्यात नामानं माझे पाय धरले.

"तिला कायतरी द्या, सायेब. मरंल ती. माजं दुसरं कुनी नाय."

मला तिची अवस्था बघवत नव्हती. मी मॉर्फियाची सुई भरली आणि तिच्या दंडात टोचली. हळूहळू तिची मूठ सुटली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. नामा रडायला लागला.

मग अंगणातून वाघ्याची किंकाळी ऐकू आली.

गाडीत ठेवलेला वाघ्या गुडघे छातीशी घेऊन लोळत होता. "पोट! खांदा!" एवढेच शब्द कळत होते. त्याच्याबरोबरची माणसं मागं सरकली होती. आगगाडी चुकवून चालणार नव्हतं. मी कोंडाजीला सुई घेऊन त्याच्याबरोबर पाठवलं, पण नाडी इतकी क्षीण होती की कोंडाजीला ती टोचायचा धीर झाला नाही. स्टेशनापर्यंत तो पोरगा ओरडत गेला.

दिवस कलल्यावर चिमा शुद्धीवर आली. पोट चाचपलं. कुठंच काही नव्हतं.

"सुई दिलीत मला."

"हो."

"मग ते गेलं कुठं?"

मी अंगणाकडे पाहिलं. तिला ते कळलं.

"परत त्यालाच दिलंत," ती म्हणाली. "गाडीत. एकट्याला."

पुढं मुंबईहून कळलं की वाघ्या वाचला. मी मुद्दाम कुंभिवलीला जाऊन तिला सांगितलं. ती पाखडत होती, सूप खाली ठेवलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "पन डाक्तर, मला इचारल्याबिगर पुन्यांदा सुई नाय द्यायची. मला सोसतं. सवय हाय. त्यास्नी नसते."

नामा दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

शिमगा झाला. पळस फुलून गळूनही गेला. ते महिने कठीण गेले. हिवताप होताच, त्यात पटकीच्या भीतीनं गावोगाव विहिरींत औषध टाकत मी उन्हातून हिंडत होतो. चिमा मात्र आली नाही. कुंभिवलीवरून जाताना ती बांधावर दिसायची, हात हलवायची. मला बरं वाटायचं.

चैत्रातल्या एका सकाळी नामाची गाडी आली.

चिमा आपल्या पायांनी उतरली. चेहरा राखेसारखा झाला होता. पायऱ्या चढताना मधेच थांबली, छातीवर मूठ दाबली, पुन्हा चढली. मी तिला खाटेवर निजवलं.

"कुठं?"

तिनं छातीच्या मध्यावर हात ठेवला. मग तो डाव्या दंडावरून करंगळीपर्यंत नेला. मग जबड्याला लावला.

"दगड ठेवलाय कुनीतरी," ती म्हणाली.

मी नळी लावून ऐकलं. तिचं हृदय ठणठणीत होतं. मी कोंडाजीला हाक मारली, खाट तयार ठेवायला सांगितलं, आणि त्याला रस्त्यावर उभं केलं. असा रोगी फार वेळ तग धरत नाही. आला की एक क्षणही घालवायचा नव्हता.

कुणी आलं नाही.

रस्त्यावरून भाजीच्या गाड्या गेल्या. पोस्टाची मोटार गेली. मी खिडकीशी जायचो, परत यायचो. चिमा उशी आवळून पडली होती. मधूनमधून माझ्याकडे पाहायची आणि नजर काढून घ्यायची.

कोण आलं, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

"सायेब," नामा कळवळून म्हणाला, "अजून कुनी आलंबी नाय. द्या ना सुई."

मला ते पटलं. रोगीच नाही तर दुखणं परत जाणार कुणाकडे? मी कपाटातून मॉर्फिया काढला. कुपी फोडताना बोटं थंड लागली. सकाळपासून उभा होतो, काही खाल्लं नव्हतं.

"बाई, तुम्ही म्हणाला होता म्हणून विचारतो. देऊ?"

तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं आणि सोडलं नाही.

"आज तर नायच," ती म्हणाली. "आज माज्याच्यानं व्हईल तितकं मी धरते. तुमी आदी खाली बसा, डाक्तर."

"मला बसायला वेळ नाही. रोगी..."

"बसा हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बसा. पाया पडते."

मागं दार वाजलं. कोंडाजी रस्त्यावरून आत आला होता.

"कुणी नाही, साहेब. पार वळणापर्यंत बघून आ..."

तो तिथंच थांबला. तो चिमाकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचा चेहरा हलला होता.

मी खाली पाहिलं. सदरा घामानं चिंब होऊन अंगाला चिकटला होता. सुई धरलेल्या बोटांची नखं निळी पडली होती.

मला दुखत मात्र कुठंच नव्हतं.