खाडीपलीकडचं दार

"निम्मं पुस्तक संपलं तरी कुणी दुसऱ्या दुनियेत जात नाही, मग ही कसली जादूची कादंबरी?" कुलदीप म्हणाला आणि हातातलं जाडजूड पुस्तक त्याने टेबलावर आपटलं. "मी नाही सुचवणार हे कुणाला."

"तू निम्मं वाचलंस कुठे? चित्रं बघितलीस," सुनयना म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण होती, त्यामुळे तिला त्याचं सगळं माहीत असायचं.

जुईनगरच्या सागरदीप सोसायटीत तळमजल्यावर एक लहानशी लायब्ररी आहे. ती बतूल नानींनी सुरू केली. नानी उरणच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या इथे लेकीकडे राहायला आल्या, ते कपड्यांची एक पिशवी आणि टेम्पोभर पुस्तकं घेऊनच. जादूच्या आणि दुसऱ्या दुनियांच्या कादंबऱ्या त्यांच्या सगळ्यात लाडक्या. एखादी कादंबरी कुणाला सुचवायची तर त्या तिचं कौतुक वगैरे करत बसायच्या नाहीत. आत कुठेतरी कडुलिंबाचं पान खोचून पुस्तक हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "या पानापर्यंत वाच. मग सोडून दाखव." आजवर कुणालाही सोडून दाखवता आलं नव्हतं.

गेल्या वर्षी ऐन गणपतीत नानी गेल्या आणि लायब्ररीला कुलूप लागलं. या मे महिन्यात ते उघडलं, कारण नानींची नात हादिया सेक्रेटरी धर्मराजकाकांच्या मागे हात धुऊन लागली होती. आता ही तिघं रोज दुपारी पुस्तकं पुसत, भांडत आणि आपापल्या आवडत्या कादंबऱ्यांत कडुलिंबाची पानं खोचत.

एका पुस्तकाला मात्र कोणी हात लावत नसे. वरच्या फळीवरचं 'खाडीपलीकडचं दार'. त्यातून एका वाळक्या पानाचं देठ बाहेर डोकावत होतं. नानींनी खोचलेलं ते शेवटचं पान. ते आपल्यासाठीच आहे अशी हादियाची खात्री होती आणि म्हणूनच तिला ते पुस्तक उघडवत नव्हतं.

"उघड ना आता. सुट्टी संपेल," सुनयना म्हणाली.

"उद्या," हादिया म्हणाली. ती रोज उद्याच म्हणायची.

आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला.

खिडकीबाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. आवारातली कुत्री गाड्यांखाली धापा टाकत पडली होती. तरीही खोलीत पाऊस ऐकू येत होता, पत्र्यावर बदाबदा कोसळणारा. मग त्या पावसातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ठसठशीत आणि सावकाश.

"...ओहोटी लागली तशी चिखलातून दाराची चौकट वर आली. पलीकडे पाऊस पडत होता. तिकडे गेलेल्यांना आपली नावं आठवत नसत. कुणी इकडून हाक मारली, तरच आठवत..."

कुलदीपच्या हातातलं फडकं खाली पडलं. सुनयना टेबलाखाली शिरली. हादिया जागची हलली नाही. तो आवाज तिने लहानपणापासून रोज ऐकला होता.

"नानी," ती हळूच म्हणाली.

"...दाराच्या पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली," आवाज सांगत होता. "आणि ती हाक..." इथे एक खोकल्याची उबळ आली. "उरलेलं उद्या."

पाऊस एकदम थांबला. खोलीत फक्त पंख्याची घरघर उरली. कुलदीप उलट्या पावली दाराशी पोचला होता. हादियाला मात्र भीती वाटत नव्हती. आपल्याला भीती का वाटत नाही, याचंच तिला भय वाटत होतं.

तो आवाज त्यांनी एकट्यांनीच ऐकला नव्हता. खिडकीखालून भाजी घेऊन जाणाऱ्या वैजयंतीकाकूंनीही ऐकला, आणि काकूंनी ऐकलेली गोष्ट लिफ्टच्या आधी वरच्या मजल्यावर पोचते. संध्याकाळी धर्मराजकाका लायब्ररीच्या दारात हजर झाले.

"हे बघा, सोसायटीत घबराट नको," ते म्हणाले. "रविवारी दुपारी रद्दीवाला येईल, पुस्तकं घेऊन जाईल. इथे पार्सल ठेवायची खोली करू. आत्ताच मीटिंगमध्ये ठरलंय."

"काका, तुम्ही एकदा आत बसून तरी बघा," हादिया म्हणाली.

"मला कामं असतात," काका म्हणाले. दाराच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, हे सुनयनाने बरोबर हेरलं.

त्या रात्री हादिया जेवली नाही. पुस्तकं गेली तर आवाजही जाईल, असं तिला वाटत होतं. नानीला मग हाक कुठून मारायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं मुद्दाम दबा धरून बसली. कुलदीपने खिशात मारुतीचा अंगारा आणला होता, पण तो कुणाला दाखवला नाही. ऊन चढलं, आवार सामसूम झालं, आणि पुन्हा तो पाऊस आला. पुन्हा ओहोटी, पुन्हा चिखलातली चौकट. या वेळी सुनयना टेबलाखाली गेली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.

"पावसाच्या मागे काहीतरी वाजतंय," ती कुजबुजली. "झांजा."

खरंच, दूरवर झांजा वाजत होत्या. काल भीतीपोटी पावसामागचं कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं. मग खरखर झाली आणि नानींच्या आवाजामागून एक पुरुषी आवाज भोंग्यावर गरजला, "बी विंगसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे, त्यांनी कृपया काढून घ्यावी. आरतीला अडचण होतेय."

कुलदीप बघतच राहिला. "हा तर आपल्या धर्मराजकाकांचा आवाज. दुसऱ्या दुनियेत पण पार्किंगची बोंब आहे काय?"

"दुसरी दुनिया नाही रे," सुनयना म्हणाली. "गणपतीत काका रोज माइकवर हेच ओरडत होते. हा गेल्या वर्षीचा पाऊस आहे. कुणीतरी रेकॉर्डिंग लावतंय."

हादियाचा चेहरा पडला होता. रेकॉर्डिंग म्हणजे नानी इथे नाही. नाहीच.

"हादिया, सॉरी यार," कुलदीप म्हणाला.

तिने नाक पुसलं. "सॉरी काय त्यात. आवाज कुठून येतो ते आधी बघ. परवा रविवार आहे."

आवाज वरून येत होता. कपाटाच्या वर, छताजवळ, जाळीची एक बारीक खिडकी होती. कुलदीप स्टुलावर चढला आणि त्याने जाळीला कान लावला. तिकडून गार हवा येत होती, आणि हवेबरोबर बामचा उग्र वास. तो वास नाकात जाताच त्याचा चेहरा पालटला.

"पलीकडे पंपाची खोली आहे ना?" तो खाली उतरत म्हणाला. "चला. मला वाटतं, मला भूत माहितीय."

पंपाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत, टाकीच्या गारव्याला, एका उलट्या बादलीवर हौसेराव आजोबा बसले होते. कुलदीप-सुनयनाचे आजोबा. त्यांनी वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली, तेव्हापासून पाठीला रोज बाम लागायचा, आणि म्हातारपणी काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. कानही तसे यथातथाच. बटणांचा जुना फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला होता आणि त्यातून मोठ्या आवाजात पाऊस पडत होता.

"आजोबा, तुम्ही तर दुपारी देवळात जाता ना?" कुलदीपने विचारलं.

आजोबा दचकले. फोन बंद करायला गेले, तर बटण सापडेना. हादियाने पुढे होऊन ते दाबलं.

"कोन, बाईंची नात का?" त्यांनी तिचा हात चाचपला. "आता काय लपवू पोरी. मला वाचाया येत न्हाय, आन् डोळं व्हतं तवा सवड नव्हती. तुझी नानी रोज दुपारी हितंच बसून मला गोष्ट वाचून दाखवायची. ह्या वयात परी-राक्षसाच्या गोष्टी ऐकतोय म्हनून लोक हसतील, तवा कुनाला बोललो न्हाय. रोज ह्या फोनात भरून घ्यायचो, रातच्याला परत ऐकाया. जागा कमी, म्हनून मागचं पुसायचं आन् फुडचं भरायचं." ते थांबले. "त्या दिशी बाई म्हनल्या, उरलेलं उद्या. मग उद्या आलाच न्हाय."

त्यानंतर ते गावी निघून गेले होते, आणि यात्रा झाल्यावर नुकतेच परतले होते.

"पण आजोबा, सगळे म्हणतात लायब्ररीत भूत आहे. तुम्ही ऐकलं नाही?" सुनयनाने विचारलं.

"ऐकलं की. मला वाटलं, बाईच येऊन बसत असतील पलीकडं. बरं वाटलं."

हादियाला रडू आवरेना. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग तिने डोळे पुसले आणि रविवारचं सगळं त्यांना सांगितलं. पुस्तकं जाणार म्हटल्यावर आजोबांची मान ताठ झाली.

"मंग लोक हसू देत मला," ते म्हणाले. "काय करायचं ते सांग."

रविवारी दुपारी रद्दीवाला पोती घेऊन आला. मागे धर्मराजकाका होते आणि त्यांच्या मागे निम्मी सोसायटी, कारण भूत घरचं असलं की फुकट बघायला मिळतं.

"काका, एकदाच आत बसून ऐका," हादिया म्हणाली. "मग न्या पुस्तकं."

"घाबरत असाल तर राहू दे," कुलदीपने हळूच पिल्लू सोडलं.

एवढ्या लोकांसमोर काकांना मागे फिरता येईना. ते आत जाऊन खुर्चीच्या टोकावर बसले. सुनयना भिंतीजवळ उभी होती. तिने भिंतीवर टकटक केली.

पाऊस सुरू झाला. खिडकीपाशी उभी असलेली माणसं आपोआप मागे सरली. नानींचा आवाज घुमू लागला तशी काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग भोंगा खरखरला आणि पांढऱ्या गाडीची घोषणा झाली. काकांचा चेहरा त्या गाडीपेक्षा पांढरा पडला.

"हा... हा तर मी आहे."

"हो ना काका," सुनयना गंभीरपणे म्हणाली. "तुम्ही पण तिकडेच आहात. आम्हाला केवढं टेन्शन आलं होतं."

"अहो, ती गाडी आमची होती!" वैजयंतीकाकू खिडकीतून ओरडल्या. "गणपतीत रोज मला खाली पळवत होतात."

सगळे खो खो हसू लागले. त्या हशात पंपाच्या खोलीचं दार उघडलं आणि भिंत चाचपत हौसेराव आजोबा बाहेर आले. कुलदीपने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि सगळी हकिकत सांगितली. ती ऐकताना हसू हळूहळू थांबलं. आजोबांना कुणीही हसलं नाही.

"पोरांनी डोकं चालवलं," वैजयंतीकाकू म्हणाल्या. "आपण मोठ्यांनी नुसती जीभ चालवली. मी तर सगळ्यात जास्त."

धर्मराजकाकांनी घाम पुसला. खिशातून लायब्ररीची दुसरी किल्ली काढून त्यांनी हादियाच्या हातात दिली. "चुकलं माझं. आत येऊन बघायला हवं होतं. पार्सलं राहतील गेटवर. शाब्बास, पोरांनो."

रद्दीवाल्याने रिकामी पोती गुंडाळली, पण तो निघेना. दाराशी घुटमळत त्याने विचारलं, "त्या पोरीला कुणी हाक मारली, ते कळलं का पुढे?"

सगळे आजोबांकडे बघू लागले. आजोबांनी मान हलवली. "पुस्तकात असंल. आमी थांबलो तिथं बाईंनी पान घातलं व्हतं."

हादिया वरच्या फळीकडे बघत राहिली. ते पान तिच्या एकटीसाठी नव्हतंच. ते फक्त तिथे थांबलं होतं. ती स्टुलावर चढली आणि तिने 'खाडीपलीकडचं दार' खाली काढलं. पुस्तक उघडताच वाळक्या पानाचा चुरा तिच्या बोटांना लागला. आजोबा खुर्चीत बसले, रद्दीवाला पोत्यांवर, आणि धर्मराजकाका चक्क जमिनीवर.

"आणि ती हाक," हादियाने वाचलं. तिचा आवाज कापला. तिने बोटांवरचा चुरा झटकला आणि पुन्हा सुरुवात केली. "आणि ती हाक तिच्या ओळखीची होती."

ऊन उतरेपर्यंत ती वाचत होती. घसा बसला तेव्हा सुनयनाने कडुलिंबाचं ताजं पान पुढे केलं. हादियाने ते पुस्तकात खोचलं आणि आजोबांकडे बघून म्हणाली, "उरलेलं उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.