हाताने घासलेली भांडी

डिशवॉशर बंद पडला तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सरळ नवीन घ्या. त्या जुन्याला ठिगळं लावत बसू नका."

"आधी मेकॅनिक बघून जाऊ दे," मी म्हणालो.

मी आयुष्यभर इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. यंत्र बंद पडतं त्याला कारण असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पंपाचा आवाज नव्हता आणि आत पाणी येत नव्हतं. मी प्लग काढला, मागचा नळ बंद केला आणि मेकॅनिकची वाट बघत राहिलो.

बायको गेल्यापासून मी उष्टी भांडी थेट मशीनमध्ये टाकत होतो. तिच्या राज्यात हे चालायचं नाही. ती आधी सगळी भांडी सिंकमध्ये घासायची आणि मग मशीनमध्ये लावायची.

"मग मशीन काय शोभेला आणलंय?" मी चिडवायचो.

"उष्टं ठेवायला लाज वाटते मला. तुम्हाला नाही कळायचं."

एका सकाळी सवयीने मी बंद मशीनमध्येच ताट आणि कप ठेवला. दुपारी लक्षात आलं, म्हणून काढायला गेलो. दोन्ही स्वच्छ होती आणि हाताला कोमट लागली.

मीच धुऊन विसरलो असेन, असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करपलेलं पातेलं ठेवलं. प्लग बाहेरच होता. नळही बंद होता. पातेलं लख्ख निघालं आणि त्याच्या तळाला घासणीच्या गोल गोल रेघा होत्या. मशीन अशा रेघा काढत नाही, ते नुसतं पाणी उडवतं. या हाताने काढलेल्या रेघा होत्या.

मी घाबरलो नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. घासायला भांडी पडावीत म्हणून नीट जेवूही लागलो.

मेकॅनिक आला तो दुसरं काम उरकून. हात मनगटापर्यंत काळे. त्याने खालचा ट्रे काढला आणि जाळी उचलली.

"पंप जाम झालाय, काका. आत थेंबभर पाणी नाही. बरेच दिवस बंद दिसतंय."

"दुरुस्त होईल?"

"होईल की. पण नवीन घेतलंत तर सुखी व्हाल. हे म्हणजे रोजचं..."

बोलता बोलता त्याने जाळीखाली हात घातला आणि वाक्य अर्धवटच राहिलं. हात बाहेर काढला तेव्हा तो स्वच्छ होता. नखांतलं ग्रीससुद्धा गेलं होतं. तो एकदा त्या हाताकडे आणि एकदा दुसऱ्या काळ्या हाताकडे बघत राहिला.

"आत गरम आहे, काका."

"हो."

त्याने हत्यारं गोळा केली आणि बूट हातात घेऊनच जिना उतरला.

माझा निर्णय झाला. दुरुस्तीही नको आणि नवीनही नको. मुलीने तोवर नवीन मशीन मागवून टाकलं होतं.

"कॅन्सल कर. हे प्लगशिवायच चालतंय," मी तिला फोनवर सांगितलं.

"प्लग न लावता?"

"तुझी आई आहे त्यात."

तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी येतेय."

आली ती थेट स्वयंपाकघरात. मी तिच्यासमोर खरकटं ताट आत ठेवलं. आम्ही चहा घेतला. दार उघडलं तर ताट चकचकीत.

"मी कप विसळत होते तेव्हा तुम्हीच बदललंत ना? बाबा, खरं सांगा. मी रागावणार नाही."

"जाळीखाली हात घाल."

"काय?"

"घाल. ओळखशील तू."

तिने बाही वर केली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या समाधानासाठी हात आत घातला.

तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"आई?" ती म्हणाली.

आता हिला पटलं, असं मला वाटलं.

मग तिचा खांदा मशीनच्या कडेवर आपटला.

"बाबा, सोडत नाहीये."

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. हात सुटला. लालबुंद झाला होता. साबणाचा वास येत होता. नेलपॉलिश गेलं होतं.

ती रडली नाही. मनगट उलटंसुलटं करून बघत राहिली. मग दुसरं पाहिलं. मग पुन्हा पहिलं.

मीही वाकून पाहिलं.

त्या मनगटावर जन्मापासून एक टपोरा तीळ होता. आता तिथे डाग नव्हता, ओरखडाही नव्हता. नुसती कोरी कातडी.

लहानपणी तिला अंघोळ घालताना तिची आई रोज त्या तिळाचा पापा घ्यायची.