साडेसात नको, सात

टायर तुळशीदासच्या हातून निसटला आणि फुटपाथ उतरून थेट लालबागच्या भर रस्त्यात धावत सुटला.

"अरे धरा! धरा त्याला!"

एक हातगाडी थबकली. बसवाल्याने करकचून ब्रेक दाबला. पानवाला तर हातातला कात टाकून हसायलाच लागला. टायर मात्र मजेत पुढे गेला, समोरून येणाऱ्या एका विटक्या हिरव्या जीपच्या बंपरवर आपटला, आणि स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन आडवा झाला.

जीपमधून एक मुलगी उतरली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, वेणीत अबोली, पायांत रबरी चपला. तिने वाकून टायर उभा केला आणि चपलेने अडवून धरला.

"तुमचा का हा?"

"हो… म्हणजे दुकानाचा."

"मग बांधून ठेवा की त्याला. एवढी हौस आहे धावायची तर!"

तुळशीदासने जीपमध्ये डोकावून पाहिलं. स्टेअरिंगमागे कुणीच नव्हतं. "ड्रायव्हर कुठे गेला?"

"तुमचा टायर पकडायला उतरलाय," ती म्हणाली.

त्याला समजायला एक क्षण लागला, आणि मग त्याचे कान लाल झाले. ती ते बघून हसली नाही. फक्त ओठ आवळून घेतले, आणि ते जास्त वाईट होतं.

तिने दुकानाची पाटी वाचली. "टायरवालेच आहात? बरं झालं, मी तुमच्याकडेच निघाले होते. जीपला टायर पाहिजेत. साडेसात-सोळा."

तुळशीदासने जीपभोवती एक फेरी मारली, चाकाशी उकिडवा बसला. "आत्ता सहा-सोळा आहेत."

"म्हणून तर रुततात! प्रभादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीला होड्या लांब राहतात. तिथून रस्त्यापर्यंत आमच्या बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावरून आणतात. गेल्या वर्षी आमची मालनमावशी टोपलीसकट पडली, पाय मोडला. तेव्हापासून ठरवलंय, टोपल्या या गाडीतून यायच्या. पण पहिल्याच दिवशी गाडी वाळूत बसली. सगळा कोळीवाडा हसला. आता बायका म्हणतात, तुझ्या गाडीपेक्षा आमचं डोकं बरं."

"आणि साडेसात कुणी सांगितलं?"

"मीच. सगळ्यांत रुंद तेच की."

"सोळा म्हणजे रिंग, ती तीच राहते. त्यामुळे बसेल. पण बसणं वेगळं, चालणं वेगळं," तुळशीदास म्हणाला. "साडेसात नुसता रुंद नसतो, उंचही असतो. स्टेअरिंग पूर्ण वळवलंत की खालच्या स्प्रिंगच्या कमानीला घासेल. शिवाय चाक मोठं झालं की इंजिनवर ताण. हे म्हातारं इंजिन रडेल."

"माझं इंजिन रडत नाही."

"अजून टायर बदलले नाहीत ना…"

तिने भुवई उचलली. त्याने वाद घातला नाही, आतून जुना साडेसातचा टायर आणला, पुढच्या चाकाला चढवला आणि म्हणाला, "वळवा."

तिने स्टेअरिंग वळवलं. खर्रर्र…

"परत वळवू?"

"नको, त्यालाही लागतं."

आता मात्र ती हसली. "बरं, मग सात घेऊ. आणि फक्त मागचे दोन बदलले तर?"

"नाही चालणार. फोर-व्हील टाकलीत की पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच. आतले गियर आपसात भांडून मरतील. चारही एका मापाचे हवेत."

"आणि सातने वाळू निघेल?"

"ते… वाळू बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला येऊन बघावी लागेल."

गल्ल्यावर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, वर्तमानपत्र खाली केलं. आजवर दुकानातलं कुणी गिऱ्हाइकाची वाळू बघायला गेलं नव्हतं.

"घरी काय सांगू? टायरवाला येतोय?"

"तुळशीदास."

"मी गुणवंती," ती म्हणाली, आणि जीप निघून गेली. दुकानात डिझेलच्या वासात थोडा खारा वारा राहून गेला… निदान तुळशीदासला तसं वाटलं.

तुळशीदास मुळात टायरवाला नव्हताच. तो गिरणीत साचेखात्यात माग चालवायचा. संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांसारखं त्यालाही वाटलं होतं, महिन्याभराची गोष्ट. वर्षं गेली. संप मिटला असं कुणी कधी म्हटलं नाही, पण भोंगा वाजला नाही आणि त्याला बोलावणंही आलं नाही. अण्णा ओळखीचे, त्यांनी दुकानात घेतलं. हात चालत राहिले, पण मन कशातच लागत नव्हतं.

आणि आता बुधवारच्या सुट्टीची तो वाट बघू लागला होता.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा दर्यात जाऊ लागल्या होत्या. आभाळ भरलेलं, मधूनच चार थेंब. गुणवंती त्याला न्यायला आली. मागे चार सात-सोळा टायर चढले. अगदी नवे, नांगराच्या फाळासारख्या खोल दातांचे.

तिने दातांवरून बोट फिरवलं. "हे वाळू खणतील."

"अहो, शेतात, चिखलात हेच चालतात."

"इथे शेत कुठाय? वाळूत आम्ही टाच रोवत नाही. सपाट पाऊल टाकतो, हलकं."

"पाऊल वेगळं आणि टायर वेगळा."

"बघू," ती म्हणाली. या एका शब्दाची त्याला भीती वाटायला हवी होती.

किनाऱ्यावर तिची आई काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने तुळशीदासला वरून खाली न्याहाळलं. "याचाच टायर पलाला का गो?"

"आये, गप ना!"

टायर बदलले. गुणवंतीने जीप वाळूत घातली. कोरडी वाळू सरली, ओली लागली, गाडी डौलात होड्यांपाशी पोहोचली. तुळशीदासने ऐटीत तिच्याकडे पाहिलं. दोघीतिघींनी भीतभीत टोपल्या चढवल्या. आणि परत फिरताना, अगदी मध्यावर, चाकं गरगर फिरू लागली. दातांनी वाळू उकरली, मागे उधळली, आणखी उकरली. जीप पोटापर्यंत खाली बसली.

तुळशीदास मागून ढकलत होता. त्याच्या तोंडात, डोळ्यांत, केसांत वाळू. आणि होड्यांच्या पलीकडे पाण्याची रेघ पुढे सरकत होती. भरती लागली होती.

"दर्या आला गो!" काशीबाई ओरडली. "गाडी बुडवतं ही पोरगी!"

तुळशीदासने पाण्याकडे पाहिलं. या गाडीत त्या मुलीची सगळी इज्जत होती, आणि टायर त्याने निवडले होते.

"हवा सोड!" गुणवंतीने आतून आवाज दिला. "तुळशीदास, हवा सोड चारही चाकांची!"

"सगळी?"

"सगळी कशाला? निम्मी! टायर पसरू दे!"

तो खिळा घेऊन चाकाचाकाशी लोळला. सुस्स… सुस्स… टायर खाली चपटे झाले. गुणवंतीने उडी मारली, होडीतून फाटकं जाळं ओढून आणलं, चाकांखाली सारलं आणि परत चढून बसली. बायका धावल्या. सगळ्यांत पुढे, शिव्या घालत, काशीबाईच होती. सगळ्यांनी मिळून खांदा दिला. पहिलं पाणी मागच्या चाकाला लागलं तेव्हा जीप एकदा हिसका देऊन हलली… आणि निघाली.

रस्त्याशी आल्यावर दोघं बॉनेटला टेकून धापा टाकत उभी राहिली. तो ओलाचिंब होता आणि ती वाळूने माखली होती.

"दात…" तो म्हणाला.

"काय केलं दातांनी?"

"खणलं."

"ऐकू नाही आलं."

"खणलं म्हणतो ना! बिनदातांचे आणतो. सरळ रेघांचे, थोडे झिजलेले. तेच वाळूवर तरंगतील."

"आणि माप? सहा, सात की साडेसात?"

"माप सातच."

"सातच," तिने मान्य केलं. "माप तुझं बरोबर होतं."

तुझं… मघाशी घाईत निघालेला तो 'तू' तिने मागे घेतलाच नव्हता. तुळशीदासने उगाचच शर्ट पिळला.

तसे टायर लालबागमध्ये मिळेनात. अण्णांनी सांगितलं, शिवडीला गोदामांच्या मागे जुना माल येतो. मग पुढच्या बुधवारी दोघं शिवडीला गेली. टायरांच्या डोंगरांतून हिंडताना ती एकेका टायरात हात घालून बघायची, तो ठोकून बघायचा. एकाला आतून चीर होती, दुसरा नीट होता पण सहाचा निघाला. चार एका मापाचे, एकाच झिजेचे मिळेपर्यंत दुपार टळून गेली.

"लग्न जमवायलाही एवढं बघत नाहीत," ती म्हणाली.

"तिथे परत करता येत नाही, म्हणून डोळे मिटून घेतात."

ती खळखळून हसली. मग गाडीत बसून कागदातली भजी खाताना तिने विचारलं, "गिरणीची आठवण येते?"

"झोपेत हात चालतात अजून. आई म्हणते, पांघरूण विणतोस की काय." त्याने एक भजं मोडलं. "मेव्हण्याने इचलकरंजीला माग बघितलाय माझ्यासाठी. गणपतीनंतर जायचं ठरलंय."

गुणवंतीने कागद चुरगाळला.

"चांगलं आहे की," ती म्हणाली.

तिने गाडी सुरू केली. गियर चुकला, करकरला. तिचा गियर चुकलेला त्याने पहिल्यांदाच ऐकला.

नव्या जुन्या टायरांची परीक्षा दोन दिवसांनी होती. तुळशीदास अण्णांची परवानगी काढून आला. त्याने हवा बेताने कमी केली, टायर हाताने दाबून पाहिले. ती नुसती बघत होती.

जीप गेली. ओल्या वाळूवरून, जिथे रुतली होती त्या जागेवरूनही. मागे फक्त दोन रुंद, उथळ पट्टे उमटले, जणू कुणी हात फिरवला असावा. टोपल्या भरून ती परत आली; ना धक्का, ना गरगर. दुसऱ्या फेरीला बायका आपणहून पुढे आल्या. तिसऱ्या फेरीला काशीबाईने आपली टोपली आत ठेवली, आणि मग टोपलीशेजारी स्वतःच बसली.

शेवटच्या फेरीला गुणवंती मालनमावशीला घेऊन गेली. पाय मोडल्यापासून मावशी पाण्यापर्यंत गेलीच नव्हती. होड्यांजवळ चाकं पाण्याला लागल्यावर मावशीने गाडीच्या कडेला बसून, खाली वाकून ओंजळभर समुद्र उचलला, कपाळाला लावला आणि ती ढसाढसा रडली. परत आली तेव्हा मात्र बोंबलाच्या भावावरून एकीशी कडाकडा भांडत होती.

बायका बाजाराकडे पांगल्या. तुळशीदास हवा भरायचा पंप गुंडाळून ठेवत होता.

"झालं तुझं काम," गुणवंती म्हणाली.

"झालं."

"गणपतीनंतर जातोस ना?"

"हो."

"का?"

"माग आहे तिथे."

"आणि?"

तो वाळूकडे बघत राहिला. "आणि… इथे कुणी राहा म्हटलंच नाही गं. गिरणीने म्हटलं नाही, गावाला भावाने म्हटलं नाही. अण्णा चांगले आहेत, पण तेही म्हणाले, बरं होईल तुझं, जा. प्रत्येकजण मला दार उघडूनच देतो. थांब असं कुणी…"

"मी म्हणते."

"काय?"

"राहा."

वारा एकदम पडल्यासारखा झाला. तिचं तोंड लाल झालं होतं, पण नजर तिने हलवली नाही.

"टायरांसाठी?" त्याने हळूच विचारलं.

"टायर बसले माझे. मस्त चालतात. आता त्यांचं नाव काढू नकोस." तिने कमरेचा पदर पुन्हा घट्ट खोचला. "मागाची ओढ लागली तर? उद्या म्हणशील, एका कोळणीपायी हातातलं काम सोडलं…"

तुळशीदासने पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "माग मला आवडायचा. पण शिवडीला, तू टायरात डोकं घालून ओरडलीस, 'हा सात आहे रे!'… तेव्हा कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या मनात माग नव्हता. घरी गेल्यावर ते लक्षात आलं." त्याने तिच्या मनगटावरची वाळू बोटाने पुसली. "मी राहतो, गुणवंती. तू म्हटलंस म्हणून नाही… नाही, तू म्हटलंस म्हणूनच."

ती हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "मग चल."

"कुठे?"

"तुझ्या घरी. माझ्या आईने तुझ्यासाठी गाडी ढकललीय. तुझ्या आईने मला अजून पाहिलंही नाही."

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मंजुळाबाई, तुळशीदासची आई, दारातच बसली होती. समोर पत्र्याची ट्रंक उघडी होती. इचलकरंजीसाठी मुलाचे कपडे, तांब्या, सगळं भरून झालं होतं; वरून नवी कोरी सोलापुरी चादर ती घडी करून ठेवत होती. तिने मान वर केली. मुलाकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या, पायांना वाळू लागलेल्या मुलीकडे पाहिलं.

"खंयची गो तू?"

"प्रभादेवीची. कोळीवाड्यातली."

मंजुळाबाईचा चादरीवरचा हात थांबला. शेजारच्या खोलीतला रेडिओसुद्धा नेमका तेव्हाच थांबला.

"आई," तुळशीदास म्हणाला, "मी जात नाही."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. गेल्या दोन-अडीच वर्षांत मुलाच्या तोंडून 'मी' म्हणून असं ठाम वाक्य तिने ऐकलं नव्हतं. तिने ट्रंकेत हात घातला, घडी घातलेली चादर बाहेर काढली, झटकली आणि खाटेवर अंथरली.

"उभी कित्याक?" ती चादरीवर थोपटत गुणवंतीला म्हणाली. "बस हयसर."