सहा वर्षांचा रानबोकड

“मुरादा, तुझा तात भाकरीवर नाही जगत रे, नजरेवर जगतो... चार माणसांत त्याची मान खाली जाईल असं कधी होऊ देऊ नकोस!”

वीस वर्षांपूर्वी, अखेरच्या दुखण्यात आई हे बोलली होती. आज सकाळी चुलीपाशी बसलेल्या मुरादला तोच क्षीण, थरथरता स्वर पुन्हा ऐकू आला. समोर तात दुर्बीण पुसत होते. पुसून पुसून काच झिजली असती. पण धुकं काचेवर नव्हतंच... ते तातच्या डोळ्यांत होतं!

तीस वर्षं तातनी, म्हणजे दौलतशाहनं, शुरबेनच्या कड्यांवरचे रानबोकड राखले होते. त्यानं पहारा सुरू केला तेव्हा घराघरात बंदूक होती आणि कड्यावर उरले होते अवघे अकरा. आज दोनशेंवर आहेत. वर्षाला एकच शिकार, तीही परदेशी पाहुण्याची. त्याच्या परवान्याच्या पैशावर मुलींची शाळा चालायची, म्हणून गावानं बंदुका खाली ठेवल्या होत्या. अट एकच : दहा वर्षांवरचा म्हातारा नरच पडला पाहिजे. शिंगांच्या पुढच्या गाठी फसव्या. वय सांगतात त्या मागच्या बारीक खाचा. त्या दुरून वाचणारी नजर साऱ्या खोऱ्यात एकट्या दौलतशाहची!

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यानं बोट दाखवलं, गोळी सुटली, आणि पडला तो सहा वर्षांचा ऐन जवान नर. वर्षभराचा परवाना गेला. शाळेच्या मास्तरीणबाई सामान बांधून निघून गेल्या. भरल्या बैठकीत सगळ्यांचे डोळे तातकडे वळले, तेव्हा मुराद उठून उभा राहिला होता. “दुर्बीण माझ्या हातात होती. तात माझ्या शब्दावर विसंबले. चूक माझी.”

तात काहीच बोलले नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या जिभेला धार आली होती...

“खाऱ्या चहात मीठ तरी मोजून टाकलंस का, की तेही अंदाजानं?” तात आत्ताही गुरगुरले. “याला सहा आणि दहातला फरक कळत नाही!”

मुरादनं चुलीत लाकूड सारलं. पलीकडे भाकरी भाजणाऱ्या त्याच्या बायकोच्या, निगारच्या हातातला चिमटा मात्र खणकन आपटला. मुराद सरपणासाठी बाहेर पडला तशी ती मागोमाग आली.

“किती दिवस गिळणार आहात? आज शिकारीला पाहुणा आलाय, पुन्हा तातच बोट दाखवणार. त्यांना अंगणातला याक कुठला अन् दगड कुठला ते कळत नाही!”

“हळू बोल.”

“का हळू? दर बर्फात लेकरांसारखे मोजता त्या बोकडांना, आणि मग त्यातलाच एक परक्याच्या बंदुकीपुढे उभा करता!”

“एका म्हाताऱ्याच्या जिवावर दोनशे जगतात, निगार.”

“आणि त्या म्हाताऱ्याला विचारलं होतं कुणी?”

मुरादनं सरपण उचललं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की आज पुन्हा कोवळा जीव पडला तर परवाना कायमचा जाईल, बंदुका पुन्हा खुंटीवरून उतरतील, आणि मग म्हातारा कोण, गाभण कोण, कुणी पाहणार नाही. बोलावं तर बाप मरतो. न बोलावं तर सारा डोंगर! ही कसली शपथ घातलीस गं आई...

तात निघाले. गेल्या सालच्या चुकीमुळे शिकारीला कड्यावर जायला मुरादला बंदी होती, तरी तो मागून चढला. दरडीआड पाहुणा बर्फावर पालथा पडला होता. त्याच्या शेजारी गावचा कारभारी, मुखी कलंदर. मुरादला पाहताच कलंदर फिसकारला, “आलास? आज काय, बकरी दाखवणार आहेस?”

समोरच्या उतारावर पाच नर उभे होते. तातनी दुर्बीण डोळ्याला लावली. क्षण गेला... दुसरा गेला...

“चाचा, कुठला?” कलंदरनं विचारलं.

“डावीकडचा,” तात म्हणाले.

मुरादनं तिकडे पाहिलं. डावीकडचा तर त्यानं दर बर्फात मोजलेला, जेमतेम पाच वर्षांचा होता! पाहुण्यानं गाल बंदुकीला टेकवला. मुरादच्या ओठांवर शब्द आला, पण समोर तातची पांढरी दाढी, तो ताठ कणा... आणि मग, काय झालं त्याचं त्यालाच कळलं नाही, तो धावत सुटला, थेट बंदुकीच्या नळीसमोर जाऊन हात पसरून उभा राहिला!

कळप उधळला. दगड गडगडले. कड्यावर काही उरलं नाही.

“नासवलंस! दुसऱ्यांदा नासवलंस!” कलंदरनं त्याची गचांडी धरली. “चालता हो गावातून! बायकोला घे आणि चालता हो!”

मुरादच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“सोड त्याला.”

तात चाचपडत उठले होते. एक पाऊल चुकलं, गुडघा दगडावर आपटला. तरी ते आवाजाच्या रोखानं येत राहिले. दुर्बीण त्यांनी कलंदरच्या हातात कोंबली.

“चाचा, तुम्ही बसा, याला मी...”

“डावीकडे कोण होता, मला ठाऊक नाही, कलंदर. मला फक्त काळे ठिपके दिसतात. गेल्या सालीही ठिपकेच दिसत होते.” म्हाताऱ्याचा स्वर फाटला. “बोकड मी दाखवला. दुर्बीण माझ्याच हातात होती. पोरगा माझ्यासाठी खोटं बोलला, हे मला त्याच बैठकीत कळत होतं... आणि मी गप्प बसलो. मीच खोटा आहे हे मला आठवू नये, म्हणून वर्षभर त्याला बोलत राहिलो...”